मामाच्या गावाला पाठवलेल्या कोंबड्या

पत्र थोडक्यात असं आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या या ताई. घरामागं मोकळी जागा आहे, दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या हौसेनं चार कोंबड्या आणल्या, त्याच्या चौदा झाल्या. दुसरीतल्या मुलाला इतका लळा लागला की प्रत्येकीला नाव, आणि कोंबड्याचं नाव फौजदार. जूनमध्ये भर दुपारी मुंगसानं चार मारल्या. पोळ्यानंतर आठवडी बाजारातून दोन नव्या आणल्या आणि आठ दिवसांत कोंबड्यांना मानमोडीचा रोग आला, तीन दिवसांत सगळं खुराडं रिकामं. मुलगा तेव्हा आत्याकडं होता. तो परत आल्यावर त्याला सांगितलं की कोंबड्या मामाच्या गावाला पाठवल्यात, तिथं शेत आहे, मोकळ्या फिरतील. आता दिवाळीला मामाकडंच जायचंय आणि लेकरू रोज विचारायलंय की फौजदार मला ओळखंल का. नवरा म्हणतोय तशाच दिसणाऱ्या बारा कोंबड्या घेऊन मामाच्या अंगणात सोडू. सासूबाई म्हणतात पुन्हा पाळू, पण विकायला, आणि नावं बिवं ठेवायची नाहीत. ताई लिहितात, "मला आता कोंबडी डोळ्यासमोर नको वाटायलीये. मीच मारल्या त्या. पण रिकामं खुराडं बघितलं की पोटात तुटतंय. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्या त्या एका ओळीवर थांबले, की तिसऱ्या दिवशी सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि कुणीच बाहेर आलं नाही. ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांनाच ही ओळ कळेल, कारण दार उघडायच्या आधीच आत जी खडबड सुरू होती ना, ती नसणं म्हणजे काय हे दुसऱ्याला सांगता येत नाही. तेव्हा "कोंबड्याच तर होत्या" असं म्हणणाऱ्यांकडं आत्ता लक्ष देऊ नका. दोन वर्षं रोज संध्याकाळी मोजून आत घेतलेला जीव आहे तो, दहा-बारा मोजायची सवय लागलेल्या माणसाला शून्य मोजायला लागलं तर त्रास होणारच.

आधी "मीच मारल्या" याच्याबद्दल बोलू, कारण ते तुमच्या मनात घट्ट बसलंय आणि बाकी सगळे निर्णय तुम्ही त्याच्यावरच उभे करायलात.

मी तुम्हाला उगाच धीर देणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरनं, हिरवट पातळ हगवण, चोच उघडी टाकून श्वास, एक पाय आणि पंख लुळा, आणि शेवटी मान उलटी वळलेली, ही सगळी लक्षणं मानमोडीचीच वाटतात, त्यालाच राणीखेत म्हणतात. हा विषाणूचा आजार आहे, त्याला औषध नाही, लागण झाल्यावर साधारण पाच-सहा दिवसांत दिसायला लागतो, कधी दोन दिवसांत तर कधी पंधरा. तुम्ही बाजारातनं दोन कोंबड्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांसोबत कोंडल्या, आणि आठवड्यात आजार आला. म्हणजे बहुतेक तो त्या दोघींसोबतच आला. सासूबाई दृष्ट लागली म्हणतात, शेजारीण शिळी भाकरी घातली म्हणून म्हणती, त्यातलं काही नाही. शिळ्या भाकरीनं मानमोडी होत नाही.

तर चूक झाली का? हो, एक झाली. नवी कोंबडी निदान दोन-तीन आठवडे वेगळी, लांब, वेगळ्या भांड्यात पाणी देऊन ठेवायची असती आणि लस द्यायची असती. पण ताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? आपल्याकडं म्हशीला काय झालं तर अख्खी गल्ली गोळा होती, गाईचं लसीकरण गावात दवंडी दिल्यासारखं होतं, आणि परसातल्या दहा कोंबड्यांना लस असती हे निम्म्या घरांत माहीतच नसतंय. आमच्याही घरी नव्हतं. माहीत असून केलं नाही तर तो निष्काळजीपणा, माहीतच नव्हतं तर ती चूक, आणि चुकीला पुढच्या वेळेला दुरुस्ती असती. तुम्ही "मारल्या" हा शब्द वापरू नका, तो खरा नाही. "मला कळलं नाही" हा खरा आहे आणि तो पण पुरेसा जड आहे.

आणि मुंगसाचं तर तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. लोकांना वाटतं शिकार रात्री होती म्हणून रात्रीचं दार घट्ट लावलं की झालं, पण मुंगूस दिवसा फिरतंय, दुपारी सगळे आडवे झाल्यावर. रात्री येतो तो बोका नाहीतर रानमांजर. मुंगूस एकीला मारून थांबत नाही, कोंडलेल्या जागेत सापडल्या तर एकामागनं एक मानेला धरतंय आणि खातं एखादीच. म्हणून ते दृश्य इतकं भयंकर दिसतं.

आता मुलाचं.

मी पाचवीत असतानाची गोष्ट सांगते. माझी एक भुरी तलंग होती, अजून अंड्यावर आली नव्हती, पण मी शाळेतनं आले की दप्तराच्या मागं मागं यायची कारण दप्तरात डब्यातला भाकरीचा कुटका असायचा. एका आखाडात पाहुणे आले. रात्री रस्सा झाला, मी पण खाल्ला, आणि मी विचारलं भुरी कुठंय तर आजी म्हणाली बसली असंल कुठंतरी. दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर पिसं दिसली, भुरकी, टोकाला पांढरी. ताई, आज इतक्या वर्षांनी विचार केला तर मला भुरी कापल्याचा राग तितका आठवत नाही, घरात कोंबडी कापत्यात हे मला काय माहीत नव्हतं का? मला आठवतं ते आजीनं डोळ्यात बघून सांगितलेलं खोटं. आजीवर माझा फार जीव होता, पण त्यानंतर कित्येक महिने ती काही म्हणाली की माझ्या मनात यायचं, खरंच का?

तुमच्या मालकांचा हेतू चांगला आहे, त्यांना लेकराचं रडणं बघवत नाही, हे मला पत्रातनं दिसतंय. पण तशाच दिसणाऱ्या बारा कोंबड्या हा उपाय करू नका. एक तर पोरं ओळखतात. मोठ्या माणसाला सगळ्या तांबड्या कोंबड्या सारख्या दिसतात, लेकराला नाही, त्याला माहीत असतंय की चांदणीचं डाव्या पायाचं नख तुटकं आहे आणि फौजदाराच्या तुऱ्याला एक खाच आहे. समजा नाही ओळखलं, तर फौजदार आपल्याला विसरला असं वाटून ते पोरगं तिथं अंगणात उभं राहील, ते जास्त वाईट. आणि या खोट्यात आता मामा येणार, मामी येणार, त्यांची पोरं येणार, आणि त्या पोरांपैकी एकजण पहिल्या तासातच बोलून जाणार. दिवाळीच्या दिवशी, मामाच्या सगळ्या पोरांसमोर कळण्यापेक्षा घरी तुमच्या मांडीवर कळू द्या.

कसं सांगायचं ते पण सांगते, कारण ह्याच जागी बरेच आईबाप अडकतात, कुत्रं असो, शेळीचं करडू असो नाहीतर आजोबा असो. जायच्या आदल्या रात्री सांगू नका, निदान आठ-दहा दिवस आधी सांगा, सुट्टीच्या दिवशी सकाळी, म्हणजे रडायला आणि प्रश्न विचारायला दिवसभर मिळतो. "मेल्या" हा शब्द वापरा. "झोपल्या" म्हणू नका, लेकरं मग झोपायला भितात. "देवाघरी गेल्या" म्हणायचं असलं तर म्हणा, पण मेल्या हे आधी सांगून मग. सरळ सांगा की त्यांना मानमोडी नावाचा आजार झाला, तो कोंबड्यांना होतो, आपल्याला लस द्यायची माहीत नव्हतं, आणि तू रडशील म्हणून मी तुला खोटं सांगितलं, ते माझं चुकलं. हे शेवटचं वाक्य गिळू नका. आईनं चुकलं म्हटलेलं लेकराला फार मोठं वाटतं.

तो विचारंल, त्यांना दुखलं का? थोडं दुखलं, तीन दिवस, असं सांगा. मला पण होईल का? नाही. राणीखेत माणसाला तसा धोक्याचा नाही, आजारी कोंबड्या हाताळल्यावर फार तर डोळे लाल होऊन चुरचुरतात आणि बरे होतात. फौजदाराला कुठं पुरलं? इथं तुम्ही पत्रात लिहिलंय की सगळ्या मिळून गावाबाहेरच्या नाल्याकाठी टाकून आल्या. ते पण आता बदलता येत नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी म्हणून सांगते, मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका, कुत्री-कावळे ओढून दुसऱ्याच्या दारात नेतात आणि आजार गावभर होतो. खोल खड्डा, त्यात चुना, वरनं माती. मुलाला मात्र खरं तेच सांगा, आणि त्याला हवं असेल तर परसात एखाद्या झाडाखाली फौजदाराचं पीस पुरू द्या. खुराड्यात शोधलं तर एखादं सापडेलच. हाताळून झालं की हात साबणानं धुवा एवढंच.

नवऱ्याला सांगा, पोरगा आहे म्हणून रडू नको असं त्या दिवशी तरी म्हणू नका.

आता पुन्हा पाळायच्या का. तुम्ही म्हणता कोंबडी डोळ्यासमोर नको, आणि त्याच पत्रात दीड पान तुम्ही कोंबड्यांचंच लिहिलंय. त्या मातीत लोळून अंघोळ करायच्या तेव्हा एक डोळा मिटून कशा पडायच्या, फौजदाराला दाणा सापडला की तो स्वतः न खाता टुकटुक करून बाकीच्यांना कसा बोलवायचा, हातात घेतलेलं अंडं किती ऊन असायचं. ज्याला खरंच नको असतं तो असं लिहीत नाही. माझ्या आजीकडं मान उघडी असलेली एक तांबडी होती, ती खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला लागली, की आजी टोपल्यात भुस्कट घालून तिच्या बेतानं रवण ठेवायची, म्हणजे उबवायला बारा नाहीतर तेरा अंडी, आणि मी दिवस मोजायचे. विसाव्या दिवशी रात्री आजीनं कंदील बाजूला ठेवला, कोंबडीच्या पोटाखाली हात घालून एक अंडं काढलं आणि माझ्या कानाला लावलं. आतनं टक टक, आणि एकदम बारीक चिवचिव. कवच अजून अख्खं होतं. त्यानंतरच्या आयुष्यात मला बरंच काय काय मिळालं पण तो आवाज कुठं मिळाला नाही, आणि त्या तेरातली पाच पिलं पुढं घारीनं नेली हे पण मला माहीत आहे. दोन्ही एकाच टोपल्यातनं आलं.

त्यामुळं पाळा असंच मी म्हणेन, पण लगेच नाही, आणि तुमच्या घरात एक गोष्ट अजून कुणी बोललेलीच नाही ती आधी बोलून घ्या.

ती गोष्ट म्हणजे, या कोंबड्या कशासाठी? सासूबाई म्हणतात विकायला, मुलगा म्हणतो फौजदार, तुम्ही मधे. बघा, रवणातनं बारा पिलं निघाली तर साधारण निम्मे कोंबडे निघणार. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, आणि अंड्यासाठी तर कोंबड्याची गरजच नाही, तो नुसता पिलांसाठी लागतो. मग उरलेल्या पाच कोंबड्यांचं काय? ते मोठे झाले की एकमेकांना रक्त निघंपर्यंत मारतात आणि पहाटे साडेतीनला आरवून शेजाऱ्यांशी तुमचं भांडण लावून देतात. कोंबडी पाच-सात वर्षं जगू शकती, पण दोन वर्षांनंतर अंडी कमी होत जातात, मग त्या म्हातारीचं काय? हे प्रश्न प्रत्येक परसात येतात आणि प्रत्येक घरात ते आखाडाच्या आदल्या दिवशी अचानक सोडवले जातात, लेकराच्या पाठीमागं. माझ्या भुरीचं तेच झालं.

सासूबाईंचं "नावं नकोत" हे मला पटत नाही, पण त्यामागचं शहाणपण पटतं. त्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्यात, विकल्यात, कापल्यात, त्यांना माहीत आहे की नाव ठेवलेल्या कोंबडीवर सुरी चालत नाही. मग असं करा की आधीच ठरवा. दोन किंवा तीन कोंबड्या मुलाच्या, त्यांना नाव, त्या म्हाताऱ्या होऊन मरंपर्यंत राहणार, अंडं देवो न देवो. बाकीच्या आजीच्या. त्या विकल्या जातील, कधी घरात शिजतील, आणि हे मुलाला पिलं असतानाच माहीत असेल. तो चिडेल, घासाघीस करेल, तीनच्या चार करून घेईल, करू द्या. गावाकडची लेकरं हे समजून घेतात, फसवलेलं मात्र समजून घेत नाहीत. तुमच्या घरात कोंबडी खाणं सोडायचं असं ठरलं तर तेही ठरवा, तेही चांगलंच, पण मग उरलेले कोंबडे कुठं जाणार ते तेव्हाच ठरवा.

आता खुराड्याचं. मानमोडीचा विषाणू विष्ठेत आणि भुस्कटात बरेच आठवडे टिकतो, म्हणून आत्ता घाई नको. आतलं सगळं खरवडून जाळून टाका, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं जाळी, फळ्या, पाण्याची भांडी घासून काढा, उन्हात ठेवा, मग चुन्याचा हात द्या. शेवटची कोंबडी मेल्यापासून निदान दीड महिना रिकामं राहू द्या, म्हणजे दिवाळीनंतरच येतंय. तोवर खालची माती उकरून मुंगूस आत येणार नाही असं बघा. शहाबादी फरशी मिळत असंल तर खाली तीच घाला, नाहीतर जाळी फूटभर जमिनीत गाडा, आणि जाळी अर्ध्या इंचाची घ्या, मोठ्या भोकाच्या जाळीतनं मुंगूस सहज घुसतं.

एक दिवसाची पिलं थंडीत आणू नका, त्यांना बल्बची ऊब लागती आणि लाईटचं तुम्हाला माहीतच आहे. दोन-अडीच महिन्यांची, लस झालेली आणा. छत्रपती संभाजीनगरला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, पण लातूरहून तिथंच जायला पाहिजे असं नाही, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, सुधारित जातींची वाढवलेली पिलं कुठं मिळतात ते सांगतील. गिरिराज, वनराज अंडी जास्त देतात, वजन पण धरतात, पण लवकर खुडूक बसत नाहीत आणि घार आली की आपल्या गावरानइतक्या चपळ नाहीत. गावरान वर्षाला पन्नास-साठ-सत्तर अंडीच देईल, पण स्वतःचं स्वतः शोधून खाईल आणि एकवीस दिवस जागेवरनं हलणार नाही. तुमच्या मुलाला पिलं निघताना बघायची असतील तर एक तरी गावरान पाहिजेच.

लशीचं एवढं लक्षात ठेवा. पिलू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. महिन्याच्या आसपास परत एकदा. आठव्या आठवड्याला आर-टू-बी, ती पण मानमोडीचीच, पण टोचायची असते. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची. पुढचं डॉक्टर सांगतील तसं. अडचण अशी की लशीची एक बाटली शंभरेक पक्ष्यांची असती आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागती, म्हणून दहा कोंबड्यांसाठी कुणी फोडायला तयार होत नाही, आणि इथंच सगळं अडतंय. तर गल्लीतल्या चार-पाच घरांना गोळा करा, ज्यांच्या ज्यांच्याकडं कोंबड्या आहेत, एक दिवस ठरवा, थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणा आणि सकाळी लवकर सगळ्यांच्या कोंबड्यांना एकदमच द्या. निरोगी पक्ष्यालाच द्यायची, आजारी असंल तर नाही. शेजाऱ्याच्या कोंबड्यांना लस मिळणं ही तुमच्या कोंबड्यांची पण राखण आहे.

उन्हाळ्याचं पण आत्ताच डोक्यात ठेवा. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून लांब धरते, तेव्हा समजायचं की तिला ऊन सोसेना झालंय. खुराड्यावर पत्रा असेल तर वर तुराट्या नाहीतर कडबा टाका, बाजूला ओलं बारदान, मातीच्या परळात गार पाणी, दुपारी त्यात थोडा गूळ.

शेजाऱ्यांनी तुम्हाला बर्ड फ्लू म्हणून घाबरवलंय. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून आपल्या भागात ही भीती आहे आणि ती खोटी नाही. नुसतं बघून मानमोडी की बर्ड फ्लू हे डॉक्टरला पण छातीठोक सांगता येत नाही, नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. म्हणून वाचणाऱ्या सगळ्यांनीच, एकदम दोन-चार पक्षी मेले तर उघड्या हातानं धरू नका, लपवू नका, पटापट कापून खाऊ किंवा विकू नका, दवाखान्याला कळवा, जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या सरकारी नंबरवर पण फोन करता येतो.

आणि ताई, दिवाळीला मामाकडं जरूर जा. भावाला आधी फोन करून सांगा की आता खोटं बोलायचं नाही, पोराला सगळं माहीत आहे. त्याच्याकडं चार गावरान आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्यातली एखादी थंडीत खुडूक बसली तर तिची पिलं दोन महिन्यांची झाल्यावर, लस देऊन, मुलाच्या दोन-तीन तिथनंच आणता येतील. पण ते पुढचं. आधी हा रविवार, तुम्ही आणि तो, आणि मग दुपारी खुराड्याला चुना द्यायचाय. चुना मोठ्या माणसानं कालवायचा, डोळ्यात उडतो. तो नीट निवला की ब्रश त्याच्या हातात द्या.